पोरोलिस्सम: रोमन सरहद्दीवरचा किल्ला आणि शेजारचा डेशियन डोंगर

प्रेषक: रानवाट
विभाग: गडकिल्ले आणि इतिहास

मंडळी नमस्कार,

२०२५ मध्ये आपले मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा इथे धाग्यांवर धागे निघाले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, वारसा समितीचं अधिवेशन दिल्लीत भरलं होतं. त्या अधिवेशनात रोमेनियातली रोमन सरहद्द यादीत आली. छावण्या, टेहळणी बुरूज, खंदक मिळून २७७ ठिकाणं. आसामच्या मोइदामांच्या, म्हणजे अहोम राजांच्या समाधी-टेकड्यांच्या, आनंदात ही बातमी आपल्याकडे मागे पडली, आणि ते साहजिकही होतं. मी सध्या रोमेनियातल्या क्लुज-नापोका शहरात राहते. त्या २७७ पैकी एका जागेवर माझा जीव जडला आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत वाचायला काहीच मिळत नाही, म्हणून हा धागा.

जागेचं नाव पोरोलिस्सम. आजचं गाव मोयग्राद, जवळचं शहर झलाऊ.

आधी भूगोल सांगते, कारण सगळं त्यातूनच निघतं. रोमेनियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया या प्रदेशाच्या वायव्य कडेला मेसेश नावाची डोंगररांग आहे. फार उंच नाही, पण सलग. तिच्यात एके ठिकाणी खिंड पडते. खिंडीच्या आत सोमेश नदीचं खोरं, आणि त्यामागे मीठ, सोनं आणि चराऊ कुरणं असलेला सगळा ट्रान्सिल्व्हेनिया. बाहेर तिसा नदीचं मैदान, जे थेट आजच्या हंगेरीत पसरत जातं. आतलं मीठ बाहेर जायचं तर इथूनच, आणि बाहेरचा घोडदळाचा हल्ला आत यायचा तर तोही इथूनच.

या खिंडीवर नजर ठेवणारे दोन डोंगर शेजारी शेजारी उभे आहेत, मागुरा आणि पोमेत. मागुरा सुटा, उभ्या चढाचा. पोमेत रुंद माथ्याचा. रोमन यायच्या आधी डेशियन लोकांची, म्हणजे या मुलखातल्या मूळ रहिवाशांची, वस्ती होती ती मागुरावर. तिथल्या उत्खननात जमिनीत खणलेले खड्डे मिळाले, त्यांत राख, जळकी हाडं, फुटकी भांडी. आधी ती दहनभूमी मानली गेली. पुढे काही अभ्यासकांनी ते पूजाविधीचे खड्डे आहेत असं मांडलं. काहीही असलं तरी हा डोंगर त्या लोकांच्या लेखी महत्त्वाचा होता एवढं नक्की.

पर्यटनाच्या माहितीत सरसकट वाचायला मिळतं की रोमनांनी डेशियन वस्तीवर किल्ला बांधला. प्रत्यक्षात मोठा रोमन किल्ला आहे पोमेतवर, आणि त्याच्या पोटात त्याआधीच्या डेशियन वस्तीचे स्पष्ट पुरावे मिळालेले नाहीत. म्हणजे रोमनांनी जागा घेतली ती खिंडीची, रस्त्याची आणि नावाची. पोरोलिस्सम हे नाव रोमन घडणीचं वाटत नाही, बहुतेक अभ्यासक ते डेशियनच मानतात. मागुरा ओस पडला आणि हाकेच्या अंतरावर पोमेत गजबजला. मला या जागेत सगळ्यात जास्त ओढ लावणारी गोष्ट हीच आहे. एका डोंगरावरचं जग संपतं आणि शेजारच्या डोंगरावर दुसरं सुरू होतं, त्याच रस्त्याच्या आधाराने.

आता इतिहास थोडक्यात. सम्राट ट्रेजनने डेशियाचा राजा डेसेबॅलस याच्याशी दोन युद्धं केली, इ.स. १०१-१०२ आणि १०५-१०६. दुसऱ्याच्या शेवटी डेसेबॅलसने पकडलं जाण्याआधी स्वतःचा जीव घेतला, आणि डेशिया रोमन प्रांत झाला. पोरोलिस्समची छावणी त्याच १०६ सालच्या आसपासची, माती आणि लाकडाची. पाठोपाठ रस्ता आला. क्लुजजवळच्या आयतोन गावात एक मैलाचा दगड मिळाला आहे, इ.स. १०८ चा. पोतैस्सा ते नापोका, म्हणजे आजच्या तुर्दा ते क्लुज, हा रस्ता हिस्पॅनियाच्या (आजच्या स्पेनकडच्या) एका हजारी पलटणीने बांधला असं त्यावर कोरलंय. युद्ध संपून दोन वर्षं होत नाहीत तोच पक्का रस्ता! रोमन रस्त्यांचा जो प्राचीन नकाशा पॉयटिंगर पट म्हणून ओळखला जातो, त्यात डेशियातून वर येणारा हा रस्ता पोरोलिस्समपाशी संपतो. तिथून पुढे साम्राज्य नाही.

ट्रेजननंतरच्या सम्राट हेड्रियनने डेशियाचे तुकडे केले तेव्हा उत्तरेकडच्या प्रांताला या गावाचंच नाव मिळालं, डेशिया पोरोलिस्सेन्सिस. किल्ल्याच्या उतारावर गाव वाढत गेलं आणि सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात त्याला नगराचा दर्जा मिळाला.

पोमेतचा किल्ला साधारण ३०० बाय २३० मीटर आहे. जवळच्या चितेरा टेकडीवर आणखी एक छोटा किल्ला आहे. बहुतेक लोक नव्याने उभारलेल्या मुख्य दरवाजापाशी फोटो काढतात आणि परततात. माझं सांगणं आहे की दरवाजा पाहाच, पण तिथे थांबू नका. किल्ल्याबाहेर रस्त्याला लागून जकातनाका होता, त्याचा पाया सापडलाय. सम्राट कॉमोडसच्या काळात जकातखात्याच्या लोकांनी अर्पण केलेली वेदीही मिळाली आहे. सरहद्दीवरून रोज काय जात-येत होतं ते या नाक्यावरून कळतं. हे गाव तलवारीइतकंच तराजूवरही उभं होतं.

खाली उतरलं की रंगमंडल लागतं, म्हणजे गोल प्रेक्षागार, जिथे झुंजी होत. त्याचा शिलालेख इ.स. १५७ चा आहे. आधीचं जुनेपणाने मोडकळीला आलं होतं म्हणून सम्राट अँटोनायनस पायस याने पुन्हा बांधून दिलं, देखरेख प्रोक्युरेटर (प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी) टायबेरियस क्लॉडियस क्विंटिलियानस याची, असा त्याचा आशय. आधीचं लाकडी होतं. म्हणजे १०६ नंतर साधारण पन्नास वर्षांत या सरहद्दीवरच्या गावाने एक प्रेक्षागार वापरून जीर्ण केलं होतं. पलटणी, व्यापारी, बायकापोरं, सगळे तिथे बसत असणार.

मला जेवढं माहीत आहे तेवढं विचारलंत तर सांगेन. ज्यांना अधिक माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी.

---

गडप्रेमी_सातारा
फार सुंदर लेख ताई. दोन डोंगरांचं जे मांडलंय ते नकाशा उघडून पाहिलं आणि लगेच पटलं. मागुरा खरंच सुटा दिसतो. काही प्रश्न. पहिली छावणी माती-लाकडाची होती, तर दगडी तट कधी आला? आणि मागुरा जास्त बेलाग असूनही रोमनांनी तो का सोडला? आपल्याकडे कुणी सोडला नसता.

---

रानवाट
धन्यवाद. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. मागुरा वेढा पडल्यावर तग धरायला उत्तम. पण रोमन सहायक पलटणींचं काम तग धरणं नव्हतं, बाहेर पडणं होतं. रोज गस्त, रस्त्यावर पहारा, धारेवरच्या बुरुजांना शिबंदी आणि शिधा. त्याला हवं रुंद पठार, चार दरवाजे, आणि गाडी थेट आत येईल असा रस्ता. पोमेतवर हे सगळं जमतं. मागुरावर बैलगाडी चढवणं म्हणजे रोजची शिक्षा झाली असती. हा माझा तर्क आहे, पण दोन्ही डोंगर पायी चढल्यावर तो मनात पक्का झाला.

दगडी बांधकामाचं म्हणाल तर दरवाजांवर सम्राट कॅराकल्लाच्या नावाचे शिलालेख मिळालेत, म्हणजे तिसऱ्या शतकाची सुरुवात. किल्ल्याला सध्याचं भारदस्त रूप आलं ते तेव्हा. याच कॅराकल्लाच्या ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्याचे तुकडेही इथे मिळालेत.

मुख्य दरवाजाच्या पुनर्बांधणीवर जाणकारांत मतभेद आहेत. जुन्या पायावर नवं बांधकाम चढवू नये हे तत्त्व मलाही मान्य आहे. पण दोन कमानी आणि दोन्ही बाजूंना पुढे आलेले गोल तोंडाचे बुरूज डोळ्यांसमोर असले, की उरलेला तट मनात उभा करणं सोपं जातं. बाकी किल्ला अजून मातीखालीच आहे. गवतावरून चालताना तटाचा उंचवटा आणि खंदकाची खळगी पायांना कळते.

---

सागरगोटा
मी इंग्लंडमधल्या लेस्टरला राहते. रोमन काळात आमच्या शहराचं नाव राते होतं. इथल्या स्थानिक इतिहासात एका माणसाचं नाव हटकून येतं, मार्कस उल्पियस नोव्हांटिको. मूळ लेस्टरचा हा सैनिक डेशियात लढला, आणि त्याचा ब्राँझचा पत्रा पोरोलिस्सममध्ये मिळाला. ताई, तुमच्या लेखात त्याचं नाव शोधत होते!

---

रानवाट
सागरगोटा, तुमचा प्रतिसाद वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू. नोव्हांटिकोला मुद्दाम प्रतिसादांसाठी राखून ठेवला होता, कारण त्याच्यावर लिहायला बसले की मला थांबता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रोमन सहायक पलटणींत भरती होत ते साम्राज्याचे नागरिक नसलेले लोक. पंचवीस वर्षं चाकरी केली की नागरिकत्व, आणि त्याचा दाखला म्हणून ब्राँझच्या दोन पत्र्यांची जोडी मिळे. एकच मजकूर आत आणि बाहेर दोनदा कोरलेला, पत्रे तारेने बांधलेले, त्यावर सात साक्षीदारांच्या मोहरा. बाहेरच्या मजकुरात कुणी खाडाखोड केल्याचा संशय आला तर मोहर फोडून आतला पडताळायचा.

नोव्हांटिको ब्रिटन लोकांच्या पहिल्या हजारी पलटणीत होता. त्याच्या दाखल्यावर तारीख आहे ११ ऑगस्ट १०६. डेशियाच्या युद्धात केलेल्या पराक्रमासाठी या पलटणीला चाकरीची मुदत पुरी व्हायच्या आत नागरिकत्व दिलं गेलं. दाखल्यात त्याच्या बापाचं नाव आहे, अडकोब्रोव्हाटस, आणि गाव, राते. मार्कस उल्पियस हे सुरुवातीचं नाव ट्रेजनचं स्वतःचं. नागरिकत्व देणाऱ्या सम्राटाचं नाव नव्या नागरिकाने घ्यायची रीत होती.

आता त्याच्या बाजूने पाहा. मुलूख ब्रिटनचा, बाप केल्टिक नावाचा, नाव सम्राटाचं, आणि दाखला सापडला तो डेशियाच्या टोकाला. घरी परत गेला असता तर तो पत्रा सोबत नेला असता. कागदपत्रं कुणी मागे टाकून जात नाही. मला वाटतं तो इथेच स्थायिक झाला.

---

जुनीपोथी
उत्तम धागा. एक मुद्दा मांडतो. चौथ्या शतकातला इतिहासकार युट्रोपियस लिहितो की डेसेबॅलसच्या दीर्घ युद्धात डेशियातले पुरुष संपून गेले होते, म्हणून ट्रेजनने साऱ्या रोमन जगतातून अगणित माणसं तिथे नेऊन वसवली. म्हणजे मागुरावरची वस्ती संपली, यामागे कत्तल आहे. रोमच्या ट्रेजन स्तंभावर डेशियनांची कापलेली मुंडकी सम्राटापुढे धरलेली कोरली आहेत, आणि ती अभिमानाने. किल्ल्याचं कौतुक करताना हे विसरू नये असं वाटतं.

---

रानवाट
तुमचा मुद्दा मनापासून मान्य. हे मूळ लेखातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. युद्ध क्रूर होतं, आणि डेशियनांच्या बाजूने लिहिलेली एकही ओळ आपल्यापर्यंत आलेली नाही. जे आहे ते जिंकणाऱ्यांचं.

पण युट्रोपियसचं वाक्य शब्दशः घेता येत नाही. बोलोगा, बुचुम, आणि खुद्द पोरोलिस्सम, अशा मेसेशवरच्या रोमन किल्ल्यांत आणि भोवतीच्या वस्त्यांत हाताने घडवलेली डेशियन धाटणीची भांडी मिळतात. चाकावरची गुळगुळीत रोमन भांडी आणि त्यांच्याच शेजारी बोटांचे ठसे उमटलेलं जाड कानाचं डेशियन भांडं. कुणीतरी ती घडवत होतं, कुणीतरी त्यांत शिजवत होतं.

इथे राहून एक गोष्ट लक्षात आली, तीही सांगते. या खापरांवर इथे फार जुना वाद आहे. १९०८ मध्ये अरपाद बुदाय यांनी इथे पहिलं उत्खनन सुरू केलं तेव्हा हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो रोमेनियात आला. १९७७ पासून निकोलाए गुदेया यांनी इथलं मोठं काम केलं. डेशियन लोक रोमन काळात टिकले की संपले, यावर आजच्या रोमेनियन आणि हंगेरियन लोकांचे इतिहासाचे दावे उभे राहतात. त्यामुळे एकेका खापराला नको इतकं वजन येतं. मला त्या वादात पडायचं नाही. चुलीपाशी मिळालेलं भांडं काय सांगतं तेवढं ऐकावं असं मला वाटतं.

---

पारवा
जुनीपोथी आणि रानवाट, दोघांच्या बोलण्यात भर घालतो. डेशियन पुरुष कुठे गेले याचं उत्तर थोडंफार मिळतं, आणि ते फार लांबवर मिळतं. रोमनांनी हरलेल्या डेशियनांची सक्तीने किंवा खुशीने भरती केली आणि त्यांना मुद्दाम त्यांच्या मुलखापासून दूर पाठवलं. उत्तर इंग्लंडात सम्राट हेड्रियनने बांधलेल्या सरहद्दीच्या भिंतीवर बर्डोस्वाल्ड नावाचा किल्ला आहे. तिथे डेशियनांची एक पलटण दीर्घकाळ होती, तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत. तिथल्या एका शिलालेखाच्या कडेला डेशियनांची ओळख असलेली वाकडी तलवार कोरलीय. आणि तिथेच एका थडग्याच्या शिळेवर लहान मुलाचं नाव आहे, डेसेबॅलस. राजा मेल्यानंतर कितीतरी पिढ्यांनी, त्याच्या मुलखापासून इतक्या लांब, कुणीतरी आपल्या लेकराचं नाव त्याच्यावरून ठेवलं.

म्हणजे लेस्टरचा नोव्हांटिको डेशियात आणि डेशियन ब्रिटनमध्ये.

---

सागरगोटा
पारवा, अंगावर काटा आला वाचताना. बर्डोस्वाल्ड माझ्यापासून काही तासांवर आहे. इतकी वर्षं इथे राहून हेड्रियनची भिंत पाहायचं राहून गेलंय. आता नक्की जाणार.

---

बंदरकर
माझा विषय किल्ले नाही, प्राचीन सागरी व्यापार आहे. पण पारवा यांनी डेशियनांचा माग काढलाच आहे, तर त्याचं एक टोक आपल्या समुद्रापर्यंत येतं.

इजिप्तमध्ये नाईल नदी ते तांबडा समुद्र यांच्यामध्ये वाळवंट आहे. कोप्टोस शहरातून दोन वाटा त्या वाळवंटातून बंदरांकडे जायच्या, एक मायोस होर्मोसला, दुसरी बेरेनिकेला. दोन्ही बंदरं भारताच्या व्यापारावर जगणारी. वाटेवर ठरावीक अंतराने रोमन चौक्या आणि विहिरी होत्या. त्यांतल्या क्रोकोडिलो, दिदिमोई अशा चौक्यांच्या उकिरड्यांत हजारो खापरं मिळाली, शाईने लिहिलेली. कागदाऐवजी खापर, कारण ते फुकट. त्यात सैनिकांच्या चिठ्ठ्या, हिशेब, पहाऱ्याच्या याद्या. आणि त्या याद्यांमध्ये चक्क डेशियन नावं आहेत. दिदा, दियुर्दानोस, डेकिबालोस. ट्रेजनच्या युद्धानंतर भरती केलेल्या लोकांना तिथवर नेलेलं दिसतं.

बेरेनिकेच्या देवळात एका भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली आहे. ती मिरी पहिल्या शतकातली, म्हणजे डेशियनांच्या आधीची. पण तोच माल पुढेही त्याच वाटेने जात राहिला, आणि दुसऱ्या शतकात त्या वाटेवर पहारा देणाऱ्यांत डेशियाच्या कार्पेथियन डोंगरातली पोरं होती. बर्फात वाढलेली माणसं वाळवंटात मलबारच्या मिरीची राखण करत होती!

---

गडप्रेमी_सातारा
बंदरकर, हे अफाट आहे. धाग्याला चार चांद लावलेत. एक विचारतो, उलट दिशेनेही असं झालं का? वाळवंटातली माणसं डेशियात?

---

रानवाट
झालं, आणि नेमकं पोरोलिस्सममध्येच! सीरियातल्या पल्मायरा शहराचे तिरंदाज इथे होते. त्यांच्या नावातच गाव आहे, पोरोलिस्समचे पल्मायरेन. १२० सालापासून त्यांना नागरिकत्वाचे दाखले मिळाल्याचे पुरावे आहेत. पोरोलिस्सममध्ये त्यांच्या बेल या देवाचं देऊळ होतं. ते आगीत जळलं, आणि कॅराकल्लाच्या काळात या तिरंदाजांनी ते स्वखर्चाने पुन्हा बांधलं, असा शिलालेख आहे. त्यात बेलला त्यांनी आपल्या वाडवडिलांचा देव म्हटलंय. तोवर इथे येऊन त्यांना शंभर वर्षं होत आली होती. त्या तिरंदाजांपैकी किती जणांनी पल्मायरा डोळ्यांनी पाहिलं असेल? बहुतेकांचा जन्मच मेसेशच्या थंडीत झाला असणार. तरी देव वाडवडिलांचा, आणि त्याच्यासाठी पगारातले पैसे बाजूला काढलेले. परदेशात राहणाऱ्या कुणालाही हे वाचून गलबलून येईल. मला येतं.

---

बंदरकर
पल्मायराचं नाव निघालंच आहे म्हणून लिहितो. पल्मायराच्या बाजारचौकात एक शिलालेख आहे, मार्च १५७ चा. मार्कस उल्पियस यारहाई नावाच्या धनिकाचा सन्मान, कारण सिथियाहून होनैनोस नावाच्या माणसाच्या जहाजाने परतलेल्या व्यापाऱ्यांना त्याने मदत केली. सिथिया म्हणजे सिंधूच्या मुखाकडचा शकांचा प्रदेश.

सालाकडे लक्ष द्या. १५७. तुमच्या प्रेक्षागाराचा शिलालेखही त्याच वर्षीचा. पल्मायराचा एक माणूस त्या वर्षी भारताकडून आलेला माल उतरवत होता, आणि त्याच गावचा दुसरा मोयग्रादच्या उतारावर नव्या दगडी पायऱ्यांवर बसून झुंज पाहत असेल. यारहाईच्या नावातलं उल्पियसही ट्रेजनकडूनच आलेलं, नोव्हांटिकोसारखं.

---

जुनीपोथी
आणि शेवट? सम्राट ऑरेलियनने डेशिया सोडला ना?

---

रानवाट
हो. तिसऱ्या शतकात गॉथ आणि इतर टोळ्यांचे हल्ले वाढत गेले, आणि २७१ च्या सुमारास ऑरेलियनने सैन्य डॅन्यूबच्या दक्षिणेला काढून घेतलं. याच ऑरेलियनने २७२ मध्ये पल्मायरा जिंकलं आणि बंड झाल्यावर पुढच्या वर्षी लुटलं. म्हणजे तिरंदाजांची दोन्ही घरं, वाडवडिलांचं आणि स्वतःचं, एकाच सम्राटाच्या कारकिर्दीत त्यांच्या हातून गेली. पोरोलिस्सम मात्र एका दिवसात ओस पडलं नाही. सैन्य गेल्यावरही इथे काही लोक राहत होते असं दिसतं.

---

पांथस्थ
वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न. डेशियन वस्तीवर थेट रोमन किल्ला पाहायचा असेल तर कुठे जावं? आणि पोरोलिस्समला जायचं कसं? पुढच्या उन्हाळ्यात युरोपात येणं होणार आहे.

---

रानवाट
थेट डेशियन बांधकामावर रोमन हात फिरलेला पाहायचा असेल तर सार्मिझेगेतुसा रेजिया, डेसेबॅलसची राजधानी, ओराश्तिये डोंगरात. युद्धानंतर तिथे रोमन सैन्याची तुकडी बसली आणि तिने तटासाठी डेशियनांचेच घडीव दगड वापरले, देवळांचे खांबसुद्धा. ती आणि भोवतालचे डेशियन किल्ले १९९९ पासून वारसा यादीत आहेत. नावाच्या गोंधळात पडू नका. उल्पिया ट्रायाना सार्मिझेगेतुसा ही रोमन राजधानी वेगळी, तिथून बरीच दूर, सपाटीवर.

पोरोलिस्समसाठी क्लुजहून झलाऊला बस मिळते. झलाऊपासून जागा ८-१० किलोमीटर, तिथून टॅक्सी किंवा स्वतःची गाडी सोयीची. आधी झलाऊचं जिल्हा संग्रहालय पाहा, म्हणजे डोंगरावर नुसते पाये दिसतात तेव्हा त्यांवर काय उभं होतं ते समजतं. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. उन्हाळ्यात सावली नाही, टोपी आणि पाणी न्या. बूट जाड तळाचे घाला, कारण किल्ल्याकडे जाणारा मूळ रोमन रस्ता अजून शाबूत आहे आणि त्याचे दगड वरखाली झालेत. किल्ल्यातून घाईने परत फिरू नका. जकातनाका, बेलचं देऊळ आणि प्रेक्षागार, हे सगळं पायी फिरा.

---

गडप्रेमी_सातारा
ताई, एक काळजीचा प्रश्न. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने किल्ल्यांवर खोदाखोद होते. तिथे काय परिस्थिती आहे?

---

रानवाट
तिथेही तेच दुखणं आहे. सार्मिझेगेतुसाच्या परिसरातून धातुशोधक यंत्रं घेऊन चोरांनी डेशियन सोन्याची नागमोडी वळ्यांची कडी उकरून परदेशात विकली. त्यांतली काही रोमेनियाने खटपट करून परत मिळवली आणि ती बुखारेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली. पण ती जमिनीत कशी ठेवली होती, कशाशेजारी होती, ती पुरणाऱ्याने कोणता विधी केला होता, हे कायमचं गेलं. सोनं परत आलं, माहिती आली नाही. मागुरावरचे खड्डे पद्धतशीर खोदले गेले म्हणूनच ते दहनाचे की पूजेचे यावर आज वाद तरी घालता येतो.

---

सागरगोटा
बर्डोस्वाल्डचं पक्कं केलंय, याच महिन्यात. नेमकं काय काय शोधू? फोटो इथेच टाकते.

---

पारवा
किल्ल्याच्या दरवाजांचे पाये आणि धान्याची कोठारं पाहाच. वाकड्या तलवारीचा शिलालेख आणि डेसेबॅलस नावाच्या मुलाची शिळा सध्या तिथेच मांडलेली आहे की दुसऱ्या संग्रहालयात, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. भिंतीवरचे बरेच दगड वेगवेगळ्या संग्रहालयांत गेलेत. आणि फोटो काढताना कडेचं कोरीवकाम तिरक्या उजेडात घ्या, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. समोरून फ्लॅश मारला तर तलवारीची वळणरेषा पुसल्यासारखी दिसते.

---

रानवाट
सागरगोटा, फोटोंची वाट पाहते. तुम्ही टाकलेत की मी मागुरावरून दिसणाऱ्या पोमेतचे टाकेन. बंदरकर, त्या वाळवंटातल्या खापरांवर एक स्वतंत्र धागा लिहाच, ही आग्रहाची विनंती. डेशियन नावांची यादी मिळाली तर ती इथल्या शिलालेखांतल्या नावांशी ताडून पाहायची आहे.

---

बंदरकर
लिहितो. दिवाळीनंतर सवड आहे. नावं मूळ ग्रीक लिपीतून मराठीत कशी उतरवायची ते आधी ठरवू, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.